पांढरीची विद्या : सौंसर-पांढुर्ण्याच्या गवंड्यांचे शिक्षण

एखाद्या जुन्या देवालयाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे साधने विपुल मिळतात. देणगी कोणी दिली, जीर्णोद्धार कोणत्या शकात झाला, कळस कोणाच्या हस्ते चढला, हे सारे शिलालेखांवरून, सनदांवरून अथवा निदान दर्शनी भिंतीतल्या संगमरवरी पाटीवरून कळते. परंतु ज्याने चुना मळला, ओळंबा धरला, शिखराचा शेवटचा दगड बसविला, त्याचे नाव त्या पाटीवर नसते; आणि तो ही विद्या कोठे व कोणापाशी शिकला, हा प्रश्न तर कोणी विचारलेलाच नसतो. आज तो प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. कारण अलीकडे ऊर्जा वाचविणारे बांधकाम आणि जुन्या इमारतींची तशाच रीतीने दुरुस्ती यांचे शिक्षण गवंड्यांस व स्थापत्यविशारदांस द्यावे, अशी चळवळ सर्वत्र सुरू आहे. ही कल्पना नवी म्हणून सांगितली जाते. आमच्या समजुतीप्रमाणे तिचा पूर्वार्ध फार जुना आहे, आणि तो सातपुड्याच्या पायथ्याशी सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात चांगला पाहावयास मिळतो.

कोकण-गोव्याकडील आमच्या वाचकांस हा प्रदेश परिचित असेलच असे नाही. नागपूरच्या वायव्येस व उत्तरेस जाम, कन्हान या नद्यांच्या खोऱ्यात हे दोन तालुके वसले आहेत. संत्री आणि कापूस ही येथील पिके. मराठी ही घरची भाषा. देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, 1854 मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केल्यावर पुढे मध्य प्रांतात गेला. 1956 च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसरजवळ जामसावळीस पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. मोहगाव हवेली येथे अर्धनारीश्वराचे देवालय आहे. पांढुर्ण्याचे नाव मात्र बाहेरच्या जगात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळेच ऐकू येते. जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा व सावरगाव ही दोन गावे परस्परांवर दगड भिरकावतात, आणि वर्तमानपत्रे तेवढेच छापतात. त्याच गावांनी दगड रचण्याची जी कला शतकानुशतके सांभाळली, तिच्याकडे वार्ताहरांचे लक्ष जात नाही.

आपल्या मराठीत गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगितले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हा केवळ महसुलाचा शब्दभेद नव्हे. त्यात बांधकामाचे शास्त्र साठविलेले आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर घराचा पाया धरला तर भिंत तडकणार हे ठरलेले. पांढऱ्या मातीत हा दोष कमी. म्हणून वस्ती पांढरीवर, भिंती पांढरीच्या, धाब्यावर अंथरावयाची मातीही पांढरीच. पांढुर्ण्याचे नाव या शब्दावरून आले असेल काय, असा मोह कोणासही व्हावा. पण पुराव्यावाचून व्युत्पत्ती सांगण्याची हौस आम्हांस नाही.

या पट्ट्यातले जुने घर कसे असे ते पाहावे. जोते काळ्या दगडाचे, वर मातीची दीड फूट किंवा अधिक जाडीची भिंत, आत सागाचे खांब व तुळया, आणि छप्पर एक तर धाब्याचे नाही तर कवेलूंचे. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात दीड फूट मातीच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आतल्या पृष्ठभागापर्यंत येण्यास सुमारे 10 ते 12 तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि तेव्हा माणसे अंगणात खाटा टाकून निजलेली असतात. कवेलू एकमेकांवर सैल बसविलेले असल्यामुळे त्यांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. उलट पाच-सहा इंचांचा सिमेंटचा स्लॅब तीन-चार तासांतच तापून खाली आग ओकू लागतो, आणि रात्रभर ओकत राहतो. विजेचा पंखा त्या घरात तापलेली हवाच फिरवितो. आज ज्याला ऊर्जेची बचत म्हणतात ती त्या जुन्या घरात कोणी मुद्दाम केलेली नव्हती. ऊर्जा विकत मिळतच नव्हती, म्हणून ती विद्या अंगी बाणवावी लागली.

ही विद्या कोणाच्या हाती होती? गवंडी, पाथरवट, बेलदार, सुतार, कुंभार हे तर होतेच. पण निम्मी विद्या घरातील स्त्रियांच्या हाती होती. भिंत लिंपणे, जमीन सारवणे, पांढऱ्या मातीने पोतारणे, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याच्या वेळी हाताखाली उभे राहणे, ही सारी कामे वर्षाकाठी नेमाने होत. मातीचे घर दर वर्षी थोडे थोडे नवे होत असे, आणि त्या नूतनीकरणातच मुलाबाळांचे शिक्षण होई. मातीत भुसा किती मिसळावा, ती किती दिवस कुजवावी, भिंतीचा एक थर पुरता सुकल्याखेरीज दुसरा का चढवू नये, हे सांगण्यासाठी पुस्तक लागले नाही. चुन्याचे काम मात्र कसबी माणसांचे. नागपूरच्या पठारावर काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. ते भाजून कळी करावयाची, कुंडीत पाण्याने विझवावयाची, मग बैलाच्या घाणीत सुरकी घालून मळावयाची. त्यात कोणी गुळाचे पाणी घाली, कोणी बेलफळाचा गर, कोणी हिरड्याचा काढा. मळलेला चुना हातावर घेऊन गवंडी तो बोटांनी चोळून पाही आणि अजून चार फेरे हवेत की नकोत ते ठरवी. ती परीक्षा कोणत्याही कागदावर उतरलेली नाही.

शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत या शिक्षणाची चौकट दिली आहे. मयमतात वास्तुकर्माचे चार अधिकारी सांगितले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. स्थपती सर्व जाणणारा. सूत्रग्राही हा त्याचा पुत्र किंवा शिष्य, दोरी धरून मापे घालणारा. तक्षक दगड-लाकूड घडविणारा. वर्धकी घडविलेले जोडून उभे करणारा. येथे आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, आराखडा करणारा आणि हाताने काम करणारा ही दोन निराळी जगे नव्हती. एकाच परांचीवरची ती चार पायऱ्यांची शिडी होती. शिष्य खालून वर चढू शके. कृष्णाजी विनायक वझे या नाशिककर अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हे ग्रंथ धुंडाळून ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ लिहिले. सरकारी नोकरीत आधुनिक बांधकामाचा अनुभव घेतलेल्या माणसाने जुन्या पोथ्यांकडे वळावे, यावरून त्यास काय खुपत असेल याची कल्पना येते. अर्थात ही जुनी व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. ती जातीच्या कुंपणात कोंडलेली होती, आणि बापापासून मुलाकडे जाणारी विद्या मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला की तेथेच संपत असे.

ती शिडी मोडली केव्हा? आमच्या मते 1854 हे साल ध्यानात ठेवावे. ज्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याच वर्षी पुण्यास सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारी अभियांत्रिकी शाळा निघाली. पुढे 1914 मध्ये नागपूरासही सरकारी अभियांत्रिकी शाळा झाली. या शाळांनी चांगले ओव्हरसियर निर्माण केले; त्यांनी रस्ते, पूल, बंधारे बांधून प्रांताची मोठी सेवा केली, यात शंका नाही. पण शाळेत ओव्हरसियर गेला. गवंडी परांचीवरच राहिला. एकाच्या हाती नकाशा आणि दुसऱ्याच्या हाती करणी आली, आणि दोघांची भाषाही निराळी झाली. ओव्हरसियरच्या पुस्तकात मातीच्या भिंतीस जागा नव्हती, कारण ती ‘कच्ची’. हा ‘कच्चा-पक्का’ शब्दभेद सरकारी दप्तरातून गावकऱ्याच्या मनात उतरला, आणि मातीचे घर हे दारिद्र्याचे चिन्ह ठरले. 1930 नंतरच्या काळात पुण्याचे र. श्री. देशपांडे यांनी मध्यमवर्गासाठी स्वस्त व आरोग्यकारक घरांवर इंग्रजीत उत्तम पुस्तके लिहिली. ती घर बांधणाऱ्या धन्याने वाचली. गवंड्यापर्यंत ती पोहोचली नाहीत.

तशात सिमेंट आले. मद्रासेस 1904 मध्ये पहिला प्रयत्न झाला, 1914 मध्ये पोरबंदरला कारखाना नीट चालू लागला, आणि लगोलग आपल्याच मध्य प्रांतात, जबलपुराच्या पलीकडे कटनीस, दुसरा निघाला. कटनी हे मूळचे चुन्याचे गाव. सिमेंटची सोय अशी की, त्यास मुरावयास आठवडे लागत नाहीत. पिशवी फोडावी, वाळू-पाणी मिसळावे आणि थापावे. हाताची परीक्षा संपली. मात्र ते भाजण्यास सुमारे 1450 अंशांची भट्टी लागते. चुन्यास 900 अंश पुरतात, आणि चुना सुकताना हवेतला कर्बवायू पुष्कळसा परत शोषून घेतो. जगातील एकूण कर्बवायूच्या उत्सर्गापैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटमुळे होतो, असा आजचा हिशेब आहे. हा आकडा कळण्यापूर्वीच सातपुड्याखालच्या चुन्याच्या घाणी थांबल्या होत्या. अजूनही कोठे कोठे देवळामागे त्यांची वाटोळी दगडी चाकोरी दिसते. पोरे तिच्यात गोट्या खेळतात.

याचा परिणाम देवालयांवर काय झाला तो आम्ही स्वतः पाहिला आहे. आमच्या परिचयाच्या एका गावच्या मंदिराचा (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) जीर्णोद्धार मोठ्या भक्तीने झाला. वर्गणी भरपूर जमली. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीवर आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढला, त्यावर चकचकीत तैलरंग, सभामंडपाचे कवेलू काढून स्लॅब, आणि पायाखाली गुळगुळीत फरशी. झरोके बुजविले, कारण त्यांतून पारवे येत. तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून पोपड्यांनी गळू लागला. जोत्यातली ओल पूर्वी चुन्याच्या अंगातून हळूहळू उडून जात असे. सिमेंटने तिची वाट बंद केली, तेव्हा ती भिंतीतच साचून क्षार बाहेर टाकू लागली. उन्हाळ्यात प्रदक्षिणा करणारे भाविक तापलेल्या फरशीवर टाचा उचलून पळत. जुन्या दगडी फरसबंदीवर ते सावकाश चालत असत. अखेर सभामंडपात शीतयंत्रे बसली आणि विजेचे देयक देवाच्या नैवेद्याच्या खर्चाहून मोठे झाले. दोष कोणाला द्यावा? ठेकेदाराने सांगितलेले काम केले. गवंड्याने शिकलेले काम केले. समितीत आमच्यासारखेच लोक होते आणि आम्हीही त्या वेळी टाळ्याच वाजविल्या होत्या.

या विस्मृतीविरुद्ध पहिले पाऊल सौंसरपासून फार दूर नव्हे, वर्ध्यास पडले. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योगांच्या शिक्षणाचे काम उभारले. 1936 मध्ये गांधीजी सेगावास राहावयास गेले, त्या वेळी आसपास मिळणाऱ्या माती, बांबू व कवेलूंची, गावच्याच कारागिरांकडून बांधलेली घरे तेथे उभी राहिली. सेवाग्रामच्या कुटीत मे महिन्यातील दुपारी बसून पाहावे. व्याख्यानाची गरज उरत नाही. गांधीजींच्या भेटीने ज्याची वृत्ती पालटली असा एक इंग्रज वास्तुविशारद, लॉरी बेकर, पुढे केरळात गेला आणि पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामग्रीने घर बांधावे हे गांधीवचन त्याने आयुष्यभर पाळले. तो स्वतः गवंड्यांबरोबर परांचीवर उभा राही, आणि त्याच्या हाताखाली शिकलेले गवंडी पुढे इतरांस शिकविते झाले. मयमतातली शिडी एका ख्रिस्ती क्वेकराने पुन्हा लावली, हे नमूद करताना आम्हांस संकोच वाटत नाही.

वर्ध्यास 1976 मध्ये देवेंद्रकुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. या संस्थेने कुंभाराच्या चाकावर केलेल्या निमुळत्या मातीच्या नळ्या एकीत एक गुंतवून लाकडावाचून कमानदार छप्पर करण्याची रीत रूढ केली. सागाचे लाकूड महागले होते, कवेलूंना वासे मिळेनात, त्यावर हा उपाय. यातली खरी गोष्ट छपराची नव्हे, शिक्षणाची आहे. मडक्यांचा खप घटलेला कुंभार आणि काम नसलेला गवंडी यांस एकत्र बसवून ती रीत शिकवावी लागते. नकाशा टपालाने पाठवून ती येत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, आम्ही मातीचे स्तोत्र गात आहोत. तसे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीस जे घडले ते मराठी माणूस विसरू शकत नाही. भूकंपाने 8 ते 10 हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेकांस घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंतींनी व धाब्यावरच्या मातीच्या भाराने मारले. चार वर्षांनी, 22 मे 1997 रोजी, जबलपुरास धक्का बसला तेव्हाही मातीची पुष्कळ घरे कोसळली. पण अभियंत्यांनी पडलेली घरे तपासली तेव्हा दोष कोठे दिसला? भिंतीचे आतले व बाहेरचे अंग बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नव्हते. कोपऱ्यांत सांधा नव्हता. गळती थांबविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या धाब्यावर मातीवर माती चढविलेली होती. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला आणि भिंती मात्र ढासळल्या. म्हणजे सामग्रीइतकाच, किंबहुना अधिक, तो शिक्षणाच्या ऱ्हासाचा दोष होता. लातूर-उस्मानाबादेतील पुनर्वसनाच्या काळी गवंड्यांस आरपार दगड, कोपऱ्यांचे बंध आणि भूकंपपट्टा यांचे शिक्षण दिले गेले. उभ्या घरांस छिद्रे पाडून काँक्रीटचे बंध कसे घालावेत तेही शिकविले गेले. दुरुस्ती ही नवीन बांधणीहून अवघड विद्या आहे, कारण तीत दुसऱ्याचे झाकलेले काम आधी ओळखावे लागते.

आता आजचे पाहू. 1950 पासून शासकीय औद्योगिक शिक्षणसंस्थांची योजना चालू आहे, आणि तीत गवंडीकाम हाही एक विषय आहे. 2016 मध्ये ग्रामीण आवास योजना नव्या रूपाने निघाली तेव्हा तिच्या जोडीला गवंड्यांसाठी 45 दिवसांचे, प्रत्यक्ष घर बांधता बांधता द्यावयाचे शिक्षण आले. मध्य प्रदेशाने त्यात भाग घेतला. परांचीवरच शिकवावे हे तत्त्व तेथे पुन्हा मान्य झाले, ही आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट. झारखंडात स्त्रियाही गवंडी झाल्या. त्यांस तेथे ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. आमच्याकडे भिंत लिंपणाऱ्या बाईस अजून रेजा म्हणूनच घमेले उचलावे लागते. 2018 मध्ये केंद्र शासनाने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत घातली आहे. शास्त्रीय मापाने ती 1.2 आहे, उघड्या स्लॅबचे माप तीनच्या वर जाते. नियम योग्य आहे. परंतु तो 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींपुरता आहे, आणि तो स्थापत्यविशारदाच्या टेबलावर राहतो. आवास योजनेच्या 25 चौरस मीटरांच्या घरास तो लागू नाही, आणि त्या घरावर उघडा स्लॅब टाकणाऱ्या मिस्त्रीस त्याचे नावही ठाऊक नाही. 1854 ची फाळणी अशी अजून टिकून आहे.

सौंसर-पांढुर्ण्यास आणखी एक अडचण आहे. येथील सरकारी पाठ हिंदीत आणि कामगाराची बोली मराठी. पुस्तकात ‘साहुल’ असते, हातात ओळंबा असतो. शहाणा मिस्त्री दोन्ही शब्द जाणतो व हसून वेळ मारून नेतो. पण चुन्याच्या, धाब्याच्या, कवेलूंच्या कामातील बारकाव्यांना हिंदी पुस्तकात शब्दच नाहीत, कारण ते कामच पाठ्यक्रमात नाही. ते शब्द ज्यांस येतात ती माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. गोव्यातील आमच्या वाचकांस हे वेगळ्या रूपाने ठाऊक असेल. शिंपल्यांचा चुना आणि चिऱ्यांची बांधणी जाणणारे हात तेथेही थोडे राहिले आहेत, आणि कोंकणी नावे त्यांच्याबरोबरच जात आहेत.

येथे देवस्थानांकडे वळावे असे आम्हांस वाटते. 2023 साली जामसावळीस हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले. लहानमोठ्या गावांत जीर्णोद्धार तर सदैव चालूच असतात. गावातील सर्वांत मोठे, सर्वांच्या डोळ्यांसमोर चालणारे आणि घाई नसलेले बांधकाम (निदान घाई नसावी असे) ते देवालयाचे. जीर्णोद्धाराच्या ठरावात समितीने एवढे लिहावे की, जुन्या चुन्याच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा होईल, झरोके उघडे राहतील, स्लॅब असलाच तर त्यावर पांढऱ्या चुन्याचा लेप अथवा फुटक्या कवेलूंचा थर पडेल. आणि जुना जाणता मिस्त्री एक, त्याच्या हाताखाली चार तरुण व दोन स्त्रिया पूर्ण मजुरीने काम संपेपर्यंत राहतील. शिकविणाऱ्या म्हाताऱ्याची मजुरी देणगीच्या यादीत कोठे बसवावी, हा प्रश्न आम्हांस एका विश्वस्ताने खरोखरच विचारला होता. आमच्या मते ती अन्नदानाच्या शेजारी बसते. पाटीवर नाव कोरावयाचे तर त्यांचेही कोरावे. दगडावर जागा असते.

खरी अडचण पैशाची नसून पंचांगाची आहे. समित्या माघात ठराव करतात आणि चैत्रातल्या हनुमानजयंतीस लोकार्पण मागतात. चुन्याला ते जमत नाही. विझविलेली कळी निदान काही आठवडे, शक्य तर काही महिने, पाण्याखाली मुरावी लागते, आणि गिलावा भर उन्हात धरत नाही. पावसाळा सरल्यावरची थंड हवा त्यास मानवते. मार्गशीर्षात काम काढावयाचे असेल तर चुन्याची कुंडी भाद्रपदात भरलेली पाहिजे.